हजारी पाच

शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक छोटं परिशिष्ट आहे. शाळेला किती शिक्षक हवेत, किती खोल्या, मैदान, कुंपण, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सगळं त्यात मांडलेलं आहे. ग्रंथालयाचीही सोय आहे. प्रत्येक शाळेत ते असावं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं मिळावीत, त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत. गोष्टींचा असा वेगळा उल्लेख २००९ च्या मसुद्यात ज्याने कुणी घातला, त्याला माझा नमस्कार. पण सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत असं सांगणारं हे परिशिष्ट, ती गोष्टींची पुस्तकं मुलाच्या हातात कोण देणार याबद्दल काहीच बोलत नाही. कायद्याने ग्रंथालय दिलं आणि ग्रंथपाल द्यायचा राहून गेला.

बदलापूर पूर्वेला खरवईत उभं राहिलं की ही त्रुटी कागदावरची राहत नाही. जुनं गावठाण, त्याला खेटून एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आणि मधल्या मोकळ्या जागेत उगवलेल्या इमारती असा हा भाग. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांजवळ पोचली. मुंबईतली चाळ सोडून इथे वन-बीएचके घेतलेली कुटुंबं, खानदेशातून आणि घाटावरून आलेली, उत्तर प्रदेशातून कारखान्यांच्या कामाला आलेली, शिवाय मुळातली आगरी घरं आणि आसपासच्या पाड्यांवरचे कातकरी-ठाकूर. आईवडील पहाटेची लोकल धरतात आणि रात्री परततात. अशा घरात पुस्तक आलं तर ते बहुधा मुलाच्या दप्तरातूनच येणार. म्हणजे प्रश्न शाळेतल्या त्या एका खोलीवर येऊन थांबतो. कधी खोलीही नसते, कार्यालयाबाहेरच्या पॅसेजमध्ये एक लोखंडी कपाट असतं.

त्या कपाटाची किल्ली जिच्या कमरेला आहे ती बाई कोण? अनुदानित शाळेत ती ‘शिक्षकेतर’ असते. २८ जानेवारी २०१९ च्या शासन निर्णयाने शिक्षकेतर पदांचा जो आकृतीबंध ठरवला, त्यात लिपिक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्याच पंगतीला ग्रंथपाल बसवलेला आहे. पद मिळणार की नाही हे पटावर ठरतं. ढोबळ हिशेब असा चालत आला की हजारावर मुलं असली तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असली तर अर्धवेळ, आणि पाचशेच्या खाली कुणीच नाही. अर्धवेळ ग्रंथपाल हा महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवस्थेतला एक अजब प्राणी आहे. पगार अर्धा, पुस्तकं पूर्ण, जबाबदारी पूर्ण. पट पाचशेच्या खाली असला की एखाद्या भाषाशिक्षिकेच्या गळ्यात ‘ग्रंथालय प्रमुख’ अशी पाटी पडते. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांची गोष्ट निराळी. सीबीएसईच्या संलग्नतेला ग्रंथालयाची खोली १४ मीटर बाय ८ मीटर लागते, त्यामुळे खोली ऐसपैस असते आणि भिंतीवर झाडाचं चित्र काढलेलं असतं. तिथली ग्रंथपाल बहुतेक वेळा बी.लिब. झालेली, कंत्राटावर आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेली.

दोघींचा दिवस मात्र सारखाच जातो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे मोजून वाटायचे. मग यू-डायसवर शाळेची माहिती भरायला संगणक येणारं माणूस हवं, म्हणून तिला बोलावणं. एखादे सर रजेवर गेले की त्यांचा बदली तास. परीक्षेत पर्यवेक्षण. निवडणुकीच्या वर्षी मतदारयादी. यातून जो वेळ उरेल त्यात देवघेव. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या फोटोला हार, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो काढून वर पाठवायचे. हे सगळं ती निमूटपणे करते, आणि वर्षाअखेर तिला एकच प्रश्न विचारला जातो: पुस्तकं मोजलीत का? किती कमी भरली?

तिचं शिक्षणही याच प्रश्नाला धरून झालेलं असतं. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत वर्गीकरण येतं, तालिकीकरण येतं, ड्युईचे दशांश येतात, व्यवस्थापन येतं, अलीकडे संगणक आणि ‘कोहा’सारखी प्रणालीही येते. हे सगळं लागतंच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हा अभ्यासक्रम मनात महाविद्यालयाचं किंवा सार्वजनिक ग्रंथालय धरून बेतलेला आहे, जिथे वाचक स्वतःहून येतो आणि काय हवं ते सांगतो. तिसरीतला मुलगा सांगत नाही. तो कपाटासमोर उभा राहतो, सगळ्यात जाड पुस्तक मागतो, दुसऱ्या दिवशी न वाचता परत आणतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याला त्या क्षणी कोणतं पुस्तक द्यायचं, मोठ्याने वाचून दाखवताना कुठे थांबायचं, घरी अहिराणी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलीला मराठी चित्रपुस्तक कसं उघडून द्यायचं, याचा पेपर पदवीत नसतो. नोकरी लागल्यावर तर कुठलाच पेपर नसतो. तीस वर्षांची सेवा एका वर्षाच्या पदवीवर निघते.

हे नेहमीच असं होतं, असं मात्र नाही. या विषयावर लिहिताना मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट बडोद्याची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं आणि लवकरच त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटली की मुलं वाचायचंही विसरतात. अमेरिकेतली ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून राज्याचा स्वतंत्र ग्रंथालय विभाग उभा केला. इमारती झाल्या, पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरू लागली, मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालनं निघाली. आणि १९११ मध्ये बॉर्डनसाहेबांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला, भारतातला पहिला. आधी कामाला माणसं तयार करायची आणि कपाटं त्यांच्या हाती द्यायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे १९१२ मध्ये बडोद्यातून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं त्रैमासिक निघू लागलं. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. नोकरीत असलेल्या ग्रंथपालाने आपल्या भाषेत आपल्या धंद्याबद्दल वाचावं, दुसऱ्या गावी काय चाललंय ते समजून घ्यावं, एवढाच त्यामागचा साधा विचार. बॉर्डन १९१३ मध्ये परतले, त्यांच्यानंतर जे. एस. कुडाळकर यांनी काम पुढे नेलं आणि १९१९ मध्ये ‘द बडोदा लायब्ररी मूव्हमेंट’ हे पुस्तक लिहिलं. ‘मिसलेनी’ मात्र त्याच सुमाराला थांबलं. शंभर वर्षं उलटून गेल्यावर बदलापुरातल्या शालेय ग्रंथपालाला दर तीन महिन्यांनी मराठीतून मिळेल असं, मुलांच्या वाचनाबद्दलचं आणि तिच्या कामाबद्दलचं काय आहे? व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर शासन निर्णय येतात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.

रंगनाथन यांच्या फोटोला हार घालताना त्यांची सुरुवातही आठवावी. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदावर नेमलेला हा गणिताचा प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात इतका कंटाळला की मला परत कॉलेजात घ्या म्हणून मागे लागला. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घे आणि मग ठरव, असं त्याला सांगण्यात आलं. तिथे ग्रंथालयशास्त्र शिकवणारे बर्विक सेयर्स भेटले, क्रॉयडनचं सार्वजनिक ग्रंथालय पाहायला मिळालं, मुलांसह सगळ्या वस्तीने वापरलेलं ग्रंथालय म्हणजे काय ते कळलं आणि माणूस कायमचा या कामाचा झाला. १९३१ चे पाच सिद्धांत, १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण, १९४२ चं शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवरचं पुस्तक, सगळं त्या प्रवासानंतरचं. नोकरीत असताना पगारी वेळेत दुसऱ्याचं चालतं ग्रंथालय पाहायला मिळणं, याला मी सगळ्यात मोठं प्रशिक्षण म्हणेन. आपल्या शाळांतल्या किती ग्रंथपालांनी दुसऱ्या शाळेचं ग्रंथालय आतून पाहिलं असेल?

स्वतंत्र भारताला हे सांगितलं गेलं नव्हतं असंही नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतली ग्रंथालयं कारकुनांच्या किंवा अनुत्सुक शिक्षकांच्या ताब्यात असल्याची तक्रार केली आणि प्रशिक्षित ग्रंथपालाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी बढतीच्या वाटा आणि सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास हवा असं लिहिलेलं आहे. गंमत अशी की शिक्षकांच्या वार्षिक ५० तासांच्या प्रशिक्षणाची गोष्ट त्या धोरणात शिक्षकांच्या प्रकरणात येते, आणि ग्रंथपालाची येते प्रौढ शिक्षणाच्या प्रकरणात. तास मात्र तिच्यासाठी लिहिलेले नाहीत.

दिरंगाई हा केवळ आपला गुण आहे असं समजू नये. जपानने १९५३ मध्येच शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला, त्यात शिक्षक-ग्रंथपाल सक्तीचा केला आणि शेवटी ‘तूर्तास न नेमला तरी चालेल’ अशी पुरवणी जोडली. ते तूर्तास पन्नास वर्षं टिकलं. बारा किंवा अधिक वर्ग असलेल्या शाळांना ती सवलत २००३ च्या एप्रिलपासून बंद झाली.

आता लेखाच्या नावाकडे येतो. शालेय ग्रंथालयाचं कपाट बंद का राहतं? आळस हे उत्तर सोपं आहे आणि अन्यायाचंही. खरं उत्तर दाखल नोंदवहीत आहे. प्रत्येक पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक लिहिला जातो, आणि त्या क्षणापासून ते पुस्तक ग्रंथपालाच्या डोक्यावर बसतं. हरवलं तर भरपाई कोण देणार? अर्ध्या पगारातून? मग ती पुस्तकं कपाटात ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत, नियम २१५ ग्रंथालयांचा आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण ग्रंथपडताळणी करावी असं तो सांगतो. आणि पुढे म्हणतो की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी मात्र नक्की व्हावी. या नियमाचा हिशेब नीट पाहा. पाच ही सूट कपाटातल्या पुस्तकांवर नाही, वाचायला दिलेल्या पुस्तकांवर आहे. वर्षभरात दोनशेच पुस्तकं बाहेर गेली तर एकच हरवता येईल. चार हजार वेळा देवघेव झाली तर वीस हरवली तरी कुणी हिशेब मागू नये. जो जास्त देतो त्याला जास्त हरवण्याची मुभा. वित्त विभागाच्या रुक्ष भाषेत इतका पुस्तकप्रेमी नियम दडलेला असेल असं कुणाला वाटलं असतं?

हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. बदलापूरच्या अनुदानित किंवा खासगी शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण शाळा समितीला ठराव करायला कुणी अडवलेलं नाही: आमच्या शाळेत वाचायला दिलेल्या हजारी पाच पुस्तकांचं गहाळ होणं आम्ही गृहीत धरतो, त्याची वसुली ग्रंथपालाकडून होणार नाही, वर्षाच्या शेवटी ती निर्लेखनात जातील, म्हणजे नोंदवहीतून कमी होतील. दोन ओळींचा ठराव. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला मी हा नियम शिकवीन, ग्रंथपालांना आणि त्यांच्याबरोबर मुख्याध्यापकांनाही बसवून. तो शिकवल्याशिवाय ‘मुलांना वाचनाची गोडी’ वगैरे विषयावर स्लाइड दाखवणं म्हणजे पाण्यात उतरायची मनाई असलेल्याला पोहण्याचे हात शिकवणं.

खरवईपासून फार लांब न जाता एक तुलना करता येते. अंबरनाथला आयुधनिर्माणीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपाल शिक्षकांच्या ‘इतर’ या प्रवर्गात मोडतो, त्याची वेतनश्रेणी प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या बरोबरीची असते आणि केंद्रीय विद्यालय संघटनेची ग्रंथपालांसाठीची सेवांतर्गत प्रशिक्षणं असतात. लोकलच्या एका स्टेशनाचं अंतर. तिथला ग्रंथपाल शिक्षकांच्या खोलीत बसतो. इथली, कार्यालयात कारकुनाशेजारी. दोघांची पदवी एकच असू शकते.

दुसरी संस्था आणखी जवळ आहे. ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला ‘डाएट’ म्हणतात ती, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. जिल्हाभरातले शिक्षक प्रशिक्षणाला या बाजूला येतात. १९८६ च्या धोरणातून निघालेल्या या संस्था अध्यापकांसाठी आहेत, आणि ग्रंथपाल शिक्षकेतर म्हणून त्या यादीबाहेर राहतो. रहाटोलीला ग्रंथपालांची एक तुकडी बसवायला नवी इमारत लागणार नाही, एका पत्रावर काम भागेल. मी या बाबतीत थोडा हट्टी आहे: हे काम आधी कुठल्या स्वयंसेवी संस्थेने करावं असं मला वाटत नाही, ते त्या पत्रानेच व्हावं.

तरीही मधल्या काळात काम केलं ते स्वयंसेवी संस्थांनीच, हे कबूल करायला हवं. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी इंग्रजीत आणि हिंदीत अभ्यासक्रम चालवला आहे. साधारण सात महिन्यांचा, काही दिवस एकत्र येऊन आणि उरलेला काळ आपापल्या ग्रंथालयात काम करत. शिकणाऱ्याने त्यात वर्गीकरणापेक्षा बालसाहित्य जास्त वाचायचं असतं, मोठ्याने वाचून दाखवायचं असतं, आपल्या मुलांनी काय केलं ते लिहून आणायचं असतं. पणजीत २००५ पासून काम करणाऱ्या ‘बुकवर्म’च्या सुजाता नोरोन्हा यांच्यासारखी, रोज मुलांत बसणारी माणसं यात शिकवतात. हिंदी कळणाऱ्या मराठी ग्रंथपालाला हा अभ्यासक्रम जड नाही. पण दिवसभराचं मराठी काम हिंदीत विचार करून करायचं आणि उदाहरणं परक्या पुस्तकांतली घ्यायची, यात काहीतरी गळतंच.

मराठीतलं काम बघायचं तर वाड्याला जावं. जुन्या ठाणे जिल्ह्यातला, २०१४ नंतर पालघरमधला हा तालुका. तिथे सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आहे. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण कलाकार मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी आश्रमशाळांत रंगवून सादर करतात, आणि गोष्ट पाहिलेली मुलं पुस्तकाकडे वळतात. ग्रंथपालाने नट व्हावं असं कुणी म्हणत नाही. पण गोष्ट आधी कानावर आणि डोळ्यांवर पडावी, अक्षर मागून यावं, हा क्रम एकदा प्रत्यक्ष पाहिला की डोक्यात बसतो. पुस्तकी व्याख्यानाने तो बसत नाही.

सामग्रीची वाण नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘वाचू आनंदे’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ‘स्टोरीवीव्हर’वर चार पातळ्यांत मांडलेल्या मोफत मराठी गोष्टी, आणि बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक, तेही इंटरनेटवर फुकट. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी इयत्तांनुसार पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. अडचण आहे ती निवडीची. अनुदान मार्चच्या तोंडावर येतं, विक्रेता गठ्ठा घेऊन येतो, गठ्ठ्यात थोर पुरुषांची चरित्रं, निबंधमाला आणि सामान्यज्ञान असतं, सूट घसघशीत असते. ज्या माणसाने गेल्या वर्षभरात मुलांची पन्नास पुस्तकं स्वतः वाचलेली नाहीत तो त्या गठ्ठ्याला नाही कसं म्हणणार? ग्रंथपालाला पगारी वेळेत मुलांची पुस्तकं वाचायला बसवणं हे प्रशिक्षणच आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पण खुर्चीत बसून ‘राधाचं घर’ वाचणारी ग्रंथपाल मुख्याध्यापकांना दिसली, तर तिला पुढच्या मिनिटाला बदली तास मिळतो.

या पट्ट्याला आधारही तसे जवळ आहेत. खुद्द बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेलं ‘ग्रंथसखा’ आहे, दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी महाराष्ट्रभर नाव असलेलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची शाळा १९६१ पासून चालू आहे. दीडशे वर्षांचा हा वारसा लोकलच्या एका पासावर पाहता येतो. त्याचा शाळेच्या ग्रंथपालाशी संबंध जोडायचा तर महिन्याला एक शनिवार पुरे.

तो शनिवार कसा असावा याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. खरवई, कात्रप, अंबरनाथ, उल्हासनगर या भागातल्या दहा-पंधरा शाळांच्या ग्रंथपाल दर वेळी वेगळ्या शाळेत जमतील. उल्हासनगरच्या सिंधी घरातल्या मुलांना काय आवडतं आणि खरवईच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीला काय, हे एकमेकींना सांगतील. प्रत्येकीने महिन्यात वाचलेलं एक मुलांचं पुस्तक आणायचं आणि वाचून दाखवायचं, पाच मिनिटं, भाषण न करता. यजमान शाळेचं कपाट उघडायचं आणि त्यातली दहा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं बाजूला काढून निर्लेखनाची यादी करायची. मुख्याध्यापकांनी त्या दिवसाची नोंद ‘कर्तव्यावर’ अशी करायची, रजा म्हणून नाही. शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवताना तेच करतात.

पहिल्या शनिवारी चहा होण्याआधी दोन कागद वाटावेत. एकावर नियम २१५ चा मराठी अनुवाद, दुसऱ्यावर शाळा समितीसाठी ठरावाचा मसुदा, तारखेची आणि सहीची जागा मोकळी सोडून.